एच. पायलोरीचं किट जेनेरिकमध्ये घ्यायचंय? आधी गोळ्यांचा हिशोब करा

स्कोपी झाली म्हणजे दुर्बिणीने पोट तपासलं, रिपोर्टवर "आरयूटी पॉझिटिव्ह" म्हणजे एच. पायलोरी हा बॅक्टेरिया सापडला असं आलं, डॉक्टरनी कागदावर "एचपी किट, १ रोज" असं काहीतरी खरडलं आणि आता तुम्ही मेडिकलवर उभं राहून बिलाचा आकडा ऐकून विचारताय की यात जेनेरिक नाही का हो. नेमकं त्या वेळी काय करायचं त्यासाठी हे लिहितोय. मी मुंबईत परळच्या बाजूला मेडिकलच्या काउंटरवर बसतो, आजूबाजूला हॉस्पिटलंच हॉस्पिटलं, त्यामुळे पोटाच्या या बॅक्टेरियाची प्रिस्क्रिप्शन सारखी हातात येतात आणि त्यात घोळ कुठे होतो तेही दिसतं. घोळ जेनेरिक घेतल्यामुळे फार क्वचित होतो. लोक "किट" या शब्दाला औषध समजतात आणि आत काय आहे, किती एमजी आहे, किती दिवस आहे ते बघतच नाहीत, घोळ तिथे होतो.

किट म्हणजे फक्त पॅकिंग. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या एका पत्त्यात बसवल्या की झालं किट. बहुतेक किट एका दिवसाचं असतं म्हणजे १४ दिवसांना १४ किट लागतात, आणि एक किट म्हणजे पूर्ण कोर्स समजून एकच घेऊन गेलेले लोकही मी बघितलेत, दुसऱ्या दिवशी परत येतात आणि विचारतात आता पुढे काय.

आधी हे आहे काय ते दोन मिनिटांत

हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या आतल्या चिकट थरात राहणारा बॅक्टेरिया. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि त्या अमोनियाच्या आडोशाने ऍसिडमध्येही तग धरतो. पूर्वी अल्सर म्हटलं की टेन्शन आणि तिखट असंच सगळे म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी १९८२ मध्ये हा बॅक्टेरिया वाढवून दाखवला, तोही ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून, आणि १९८४ मध्ये मार्शलने कुणी ऐकत नाही बघून त्याचं कल्चर स्वतः पिऊन टाकलं आणि पोट बिघडवून घेतलं. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. १९९४ मध्ये डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने याला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, म्हणून अल्सर असेल, घरात कुणाला जठराचा कॅन्सर झालेला असेल तर डॉक्टर हे सोडून देत नाहीत.

पण आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा असतो आणि बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही. म्हणजे वडापाव खाल्ला, जळजळ झाली, गुगल केलं, किट मागायला आलात, असं करू नका. टेस्ट पॉझिटिव्ह नसेल तर हे किट तुमच्यासाठी नाही. आणि वजन आपोआप उतरतंय, गिळताना अडकतंय, उलटीत रक्त येतंय, हिमोग्लोबिन पडलंय, यातलं काही असेल तर गोळ्यांचा विषय नंतर, आधी पोटाच्या डॉक्टरकडे जा. खाजगी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन, जेजे आहेत, रांग असते पण काम होतं.

पहिलं काम: कागदावर केमिकलचं नाव लिहून घ्या

ही पायरी लोक सोडून देतात आणि पुढचं सगळं बिघडतं. कायदा असा आहे की शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध डॉक्टरनी ब्रँडच्या नावाने लिहिलं असेल तर मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने त्याच्या जागी दुसरा ब्रँड द्यायचा नाही, आतलं औषध तेच असलं तरी नाही. रोज काय चालतं ते सगळ्यांना माहितीय, पण नियम हा आहे. म्हणून केबिनमध्ये असतानाच बोला. लाजायचं काय त्यात. "डॉक्टर, जेनेरिक नाव, एमजी आणि दिवस लिहून द्याल का, मी जन औषधीतून घेईन," इतकंच म्हणा. औषध जेनेरिक नावाने, सुवाच्य अक्षरात लिहावं असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे, त्यामुळे तुम्ही काही वेगळं मागत नाही आहात.

कागदावर प्रत्येक औषधापुढे हे यायलाच पाहिजे: नाव, किती एमजी, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी का नंतर, आणि किती दिवस. बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा. दिवसांचा आकडा नसेल तर विचाराच, कारण जुन्या सवयीने ७ दिवस लिहिणारे अजून आहेत आणि हल्लीच्या गाईडलाईन १४ दिवस सांगतात.

तिथेच अजून एक गोष्ट सांगून टाका: गेल्या काही वर्षांत कुठल्या अँटिबायोटिक घेतल्या. मुंबईत जुलाब लागले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते, सर्दी-खोकल्याला अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची स्ट्रिप. आता बघा, ऑर्निडाझोल हा मेट्रोनिडाझोल-टिनिडाझोलचा भाऊ आणि अझिथ्रोमायसिन हा क्लॅरिथ्रोमायसिनचा. तुमच्या पोटातला बॅक्टेरिया या घराण्यांना आधीच सरावलेला असू शकतो. आपल्याकडे मेट्रोनिडाझोलला रेझिस्टन्स भरपूर आहे आणि क्लॅरिथ्रोमायसिनलाही कमी नाही. ही माहिती ऐकून डॉक्टर पूर्ण स्कीमच बदलू शकतात, म्हणून "काही नाही घेतलं" असं सवयीने बोलू नका. पेनिसिलिनची ऍलर्जी असेल तर ते सगळ्यात आधी, कारण अमॉक्सिसिलिन त्याच घरातलं.

तुमची स्कीम कुठली ते ओळखा

डॉक्टर काय लिहितील ते त्यांचं त्यांच्यावर, तुम्ही फक्त आपला कागद यातल्या कशाशी जुळतो ते बघा.

जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त दिसणारी ती ट्रिपल थेरपी. ऍसिड कमी करणारी गोळी म्हणजे पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल, राबेप्राझोल यातलं काहीतरी दिवसातून दोनदा, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० एमजी दोनदा आणि अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम दोनदा. पेनिसिलिन चालत नसेल तर अमॉक्सिसिलिनच्या जागी मेट्रोनिडाझोल येतं.

दुसरी बिस्मथ क्वाड्रुपल, चार औषधांची. ऍसिडची गोळी दोनदा, बिस्मथ, टेट्रासायक्लिन ५०० एमजी चारदा आणि मेट्रोनिडाझोल ४०० एमजी तीनदा किंवा चारदा. जिथे क्लॅरिथ्रोमायसिनचा भरवसा नाही तिथे हल्ली हीच पहिली द्या असं म्हणतात, अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०२४ च्या गाईडलाईनमध्येही हीच पुढे आहे, १४ दिवस. गोळ्या खूप, पण सुटे घटक जुने आणि स्वस्त. परदेशात बिस्मथ, मेट्रोनिडाझोल आणि टेट्रासायक्लिन एकाच कॅप्सूलमध्ये भरून पायलेरा नावाने विकतात, ती स्कीम वाचून काही लोक तेच इथे शोधत फिरतात. शोधायची गरज नाही, आपल्याकडे सुटं घेऊन तेच उपचार होतात.

तिसरी पहिला कोर्स फेल गेल्यावरची, लिव्होफ्लॉक्सासिनवाली, किंवा क्वचित रिफाब्युटिनवाली. ही दोन्ही शेड्यूल एच१ या जास्त कडक यादीत आहेत म्हणजे मेडिकलवाला रजिस्टरमध्ये तुमचं आणि डॉक्टरचं नाव लिहिणार, ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं, तेव्हा नाव विचारलं म्हणून चिडू नका. यांचा संबंध टीबीशीही आहे. जुना खोकला, संध्याकाळचा ताप असं काही चालू असेल तर आधी सांगा, नाहीतर या औषधांनी टीबी अर्धवट दबतो आणि सापडायला उशीर होतो. मुंबईत हा विचार करावाच लागतो.

आणि आता नवीन आलंय व्होनोप्राझान, ऍसिड दाबायला जास्त जोरदार. जपानमध्ये खूप वापरतात, आता इथेही मिळतं. चांगलं आहे, पण डॉक्टरनी पॅन्टोप्राझोल लिहिलं असेल तर "हे नवीन द्या" असं काउंटरवर मागू नका.

आता हिशोब, इथे पेन घ्या

ट्रिपल थेरपी, १४ दिवस. अमॉक्सिसिलिन ५०० च्या कॅप्सूल घेतल्या तर सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे रोज ४, एकूण ५६. क्लॅरिथ्रोमायसिन ५०० रोज २, एकूण २८. ऍसिडची गोळी रोज २, एकूण २८.

बिस्मथवाली, १४ दिवस. बिस्मथ सबसिट्रेट १२० एमजीची गोळी चारदा, ५६. टेट्रासायक्लिन ५०० चारदा, ५६, पण दुकानात २५० च्या कॅप्सूल निघाल्या तर डबल म्हणजे ११२. मेट्रोनिडाझोल ४०० तीनदा लिहिलं असेल तर ४२, चारदा असेल तर ५६. ऍसिडची २८.

आता हेच आकडे तयार किटच्या पाठीमागे लिहिलेल्या घटकांशी लावून बघा. बाजारात अशी किटं आहेत ज्यात अमॉक्सिसिलिन १००० च्या जागी ७५० आहे, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० च्या जागी २५० आहे, काहींत क्लॅरिथ्रोमायसिनच नाही, टिनिडाझोल आहे. म्हणजे नाव सगळ्यांचं एचपी-अमुक, पायलो-तमुक, आणि आत वेगवेगळं. ७५० वालं किट ७ दिवस घेतलं तर पोटात एकूण साडेदहा ग्रॅम अमॉक्सिसिलिन जातं. १ ग्रॅमवालं १४ दिवस घेतलं तर २८ ग्रॅम. दोघांनाही लोक "किटचा कोर्स केला" असंच म्हणतात, आणि मग पहिल्याचा बॅक्टेरिया गेला नाही की दोष जेनेरिकला.

तर किट विरुद्ध सुटं, घ्यायचं काय? माझं मत सुटं घ्या. एमजी आपल्या कागदाप्रमाणे मिळतात, स्वस्त पडतं, आणि एखादं औषध सोसलं नाही तर डॉक्टर तेवढंच बदलू शकतात. किटचा फायदा एकच, सकाळ-संध्याकाळ गोंधळ होत नाही. घरात आजी-आजोबा एकटे असतील, नजर कमी असेल आणि किटमधले एमजी कागदाशी तंतोतंत जुळत असतील तर किटच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुकानात जाऊन काय बघायचं

आधी हे लक्षात घ्या की इथे जे नामांकित कंपनीचं म्हणून घेता तेही बहुतेक जेनेरिकच असतं, फक्त त्याला ब्रँडचं नाव दिलेलं असतं. क्लॅरिथ्रोमायसिन, अमॉक्सिसिलिन, पॅन्टोप्राझोल, कुणाचंच पेटंट आता राहिलेलं नाही. स्ट्रिप उलटी करून बघा, मार्केटेड बाय मुंबईची कंपनी आणि मॅन्युफॅक्चर्ड बाय हिमाचलमधल्या बद्दीचा कारखाना असं सर्रास दिसतं, आणि तोच कारखाना दुसऱ्या चार नावांनीही माल बनवत असतो.

पहिलं ठिकाण जन औषधी केंद्र. ही केंद्रं २००८ पासूनच्या सरकारी योजनेतली, आता मुंबईत वॉर्डावॉर्डात सापडतात, काही रेल्वे स्टेशनांवरही आहेत. मोबाईलवर जनऔषधी सुगम ऍप टाकलं की जवळचं केंद्र आणि औषधाचा भाव दोन्ही दिसतं. ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असं सरकार सांगतं. तिथे "एचपी किट द्या" म्हणालात तर नाही म्हणतील आणि तुम्ही परत फिराल, म्हणून कागदावरचं एकेक नाव वाचून मागा. आणि निघण्याआधी फोन करून पूर्ण १४ दिवसांचा स्टॉक आहे का विचारा, कारण अर्धं आज आणि अर्धं "पुढच्या आठवड्यात येईल" हे या कोर्सला चालत नाही. सगळा माल घरात आल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

दुसरं म्हणजे हॉस्पिटलमधलीच फार्मसी. पालिकेच्या किंवा सरकारी हॉस्पिटलात दाखवलं असेल तर आधी तिथल्या खिडकीवर कागद दाखवा, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, पॅन्टोप्राझोल यातलं जे असेल ते तिथे मिळून जातं, उरलेलं बाहेरून.

तिसरं, नेहमीचं मेडिकल. टेट्रासायक्लिनसाठी बहुतेक इथेच यावं लागतं आणि तेही ऑर्डर देऊन, कारण हल्ली ते फार कुणी लिहीत नाही म्हणून ठेवत नाहीत. सांगितलं तर स्टॉकिस्टकडून संध्याकाळपर्यंत मागवून देतात. "टेट्रा नाही, डॉक्सी घ्या, एकच आहे" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. डॉक्सीसायक्लिन या कामात टेट्रासायक्लिनइतकं चालत नाही. काही जण थेट प्रिन्सेस स्ट्रीटला होलसेलमध्ये जातात, स्वस्त मिळतंही, पण बिल घ्या. बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी असते, बिनबिलाच्या मालाची तक्रार कुठे करणार? बिल असेल तर बीकेसीच्या एफडीएकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येतं.

आता नाव जवळजवळ तेच आणि औषध वेगळं, असं कुठे कुठे होतं ते सांगतो.

परवाचीच गोष्ट. एक काका आले, दुसरीकडून घेतलेल्या गोळ्यांची पिशवी दाखवायला. "बाबा, बरोबर आहेत का एवढं बघून दे." कागदावर पॅन्टोप्राझोल ४०, पिशवीत पॅन्टोप्राझोल-डी.

"काका, हे वेगळं आहे."

"अरे पॅन्टोच आहे ना, डी म्हणजे डबल पॉवर."

डी म्हणजे डबल नव्हे, डी म्हणजे डॉम्पेरिडोन, उलटीचं औषध. एरवी ठीक, पण क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर डॉम्पेरिडोन घ्यायचं नसतं, क्लॅरिथ्रोमायसिनमुळे त्याचं रक्तातलं प्रमाण चढतं आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. काकांना तर वर ब्लडप्रेशरचीही गोळी चालू. नावामागे डी, डीएसआर, एल, एलएस असं कुठलंही शेपूट दिसलं की थांबा आणि कागद परत बघा. साधं पॅन्टोप्राझोल म्हणजे शेपूट नसलेलं.

तसंच अमॉक्सिसिलिनच्या जागी अमॉक्सी-क्लॅव्ह ६२५ हातात पडतं. ६२५ हा आकडा मोठा वाटतो, पण त्यात अमॉक्सिसिलिन ५०० च आहे, वरचं १२५ क्लॅव्युलॅनिक ऍसिड. दोन दोन घेतल्या तर क्लॅव्ह उगाच डबल जाणार आणि जुलाब जोरात. क्लॅरिथ्रोमायसिनमध्ये साधी ५०० आणि हळू विरघळणारी एक्सएल, ईआर अशी वेगळी येते, त्यांची अदलाबदल परस्पर करायची नाही.

स्ट्रिपवर औषधाच्या नावापुढे आय.पी. लिहिलेलं असतं, म्हणजे भारतीय फार्माकोपियाच्या मापदंडाप्रमाणे बनवलंय. एक्सपायरी १४ दिवसांच्या पुढची हवी हे सांगायला नको. स्ट्रिप कापून देत असतील तर बॅच आणि तारीख असलेला तुकडा तुम्ही मागून घ्या. २०२३ च्या ऑगस्टपासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, तो असेल तर मोबाईलने स्कॅन करून कंपनी, बॅच जुळवा. एमआरपी जास्त लावलीय असं वाटलं तर एनपीपीए या औषधांचे भाव ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या फार्मा सही दाम ऍपमध्ये बघता येतं. आणि भाव बघताना स्ट्रिपचा बघू नका, एका गोळीचा काढा आणि तुमच्या आकड्याने गुणा. क्लॅरिथ्रोमायसिनची स्ट्रिप कुठे ४ ची, कुठे १० ची, त्यात लोक हमखास फसतात.

घ्यायचं कसं, लोकल पकडून

ऍसिडची गोळी नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी. ही चघळायची, फोडायची नाही, वरचं कोटिंग कामाचं असतं. अँटिबायोटिक खाल्ल्यावर, पोटाला कमी त्रास होतो.

ट्रिपलवाल्यांना सोपं, सकाळ आणि रात्र, ऑफिसात काही न्यायचं नाही. चारदावाल्यांना मात्र दुपारचा डोस डब्याच्या पिशवीतच ठेवावा लागतो. बदलापूर, विरारवरून येणाऱ्यांसाठी साधारण असं बसतं: पाचला उठल्या उठल्या ऍसिडची गोळी, अर्ध्या तासाने पोहे-चपाती काहीतरी आणि पहिला डोस, दुपारी डब्यावर दुसरा, घरी पोचलं की ऍसिडची, जेवणावर तिसरा, झोपायच्या आधी चौथा. मोबाईलवर चार अलार्म लावा. झोपतानाचं टेट्रासायक्लिन पूर्ण ग्लास पाण्याबरोबर आणि घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही, ती कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटली तर तिथे जखम होते.

टेट्रासायक्लिनला दूध, दही, ताक, पनीर, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या, जेल्युसिलसारखं अँटासिड हे सगळं दोन तास लांब. औषध त्यांना चिकटतं आणि अंगात जातच नाही. दुधाचा कटिंगसुद्धा धरा यात, सकाळी चहाबरोबर गोळी ढकलायची सवय असेल तर १४ दिवस मोडा. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या पोरांना टेट्रासायक्लिन देत नाहीत, आणि ते चालू असताना ऊन पटकन लागतं.

मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल असेल तर दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही तीन दिवस. उलट्या, धडधड, तोंड लालबुंद असा तमाशा होऊ शकतो. आषाढात कोर्स सुरू करणाऱ्यांनी गटारीची तारीख आधी बघून घ्यावी, मस्करी नाही करत. तसंच उपवासाचं. रिकाम्या पोटी ही औषधं मळमळ काढतात, नवरात्रीचे नऊ दिवस कडक धरणार असाल तर डॉक्टरला विचारून कोर्स आधी किंवा नंतर लावा. रोजे असतील तरी तेच, चारदाची स्कीम त्यात बसत नाही.

आणखी काय काय गोळ्या चालू आहेत त्याचा कागद मेडिकलवाल्याला दाखवा. क्लॅरिथ्रोमायसिनचं अनेकांशी पटत नाही: कोलेस्टेरॉलच्या सिमव्हास्टॅटिन-अटॉर्व्हास्टॅटिन, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन, डिगॉक्सिन, फिटचं कार्बामाझेपिन, गाऊटचं कोल्चिसिन, डायबेटिसच्या ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या ज्यात शुगर एकदम खाली जाऊ शकते. बंद काय करायचं, कमी काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. किडनीचा त्रास असेल तर बिस्मथबद्दल आधी विचारा.

त्रास होणार, पण कुठला चालतो आणि कुठला नाही

तोंड कडू होणं, पत्रा चाटल्यासारखी चव, थोडी मळमळ, पातळ शी, हे चालतं. चव क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोलची देणगी आहे, लवंग-वेलची चघळा, कोर्स संपला की जाते. बिस्मथने जीभ आणि शी काळी होते, रात्री घाबरून फोन करणारे भरपूर. पण बिस्मथ घेत नसताना शी काळी झाली, किंवा घेत असताना डांबरासारखी चिकट, घाण वासाची आणि सोबत चक्कर, घाम असं असेल तर थेट कॅज्युअल्टी.

अंगावर पुरळ-गाठी, ओठ सुजणं, दम लागणं, डोळे पिवळे, रक्ताचे किंवा पाण्यासारखे सारखे जुलाब, हातापायाला मुंग्या, छातीत धडधड: गोळी थांबवून लगेच डॉक्टर. बाकी किरकोळ त्रासाला परस्पर कोर्स सोडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी जळजळ थांबते आणि लोकांना वाटतं झालं काम. ती ऍसिडच्या गोळीने थांबलेली असते, बॅक्टेरिया अजून तिथेच आहे आणि अर्धवट मारलेला पुढच्या वेळी जास्त चिवट निघतो. एखादा डोस राहिला तर आठवल्यावर घ्या, पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, दोन एकदम घ्यायचे नाहीत. पावसाळ्यात गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरून ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत कॅप्सूल मऊ पडतात.

गेला का नाही, ही टेस्ट सोडायची नाही

बरं वाटणं हा पुरावा नाही. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी टेस्ट करायची, श्वासाची युरिया ब्रेथ टेस्ट किंवा शीमधली स्टूल अँटिजेन. स्टूलवाली सहसा स्वस्त पडते. रक्तातली अँटिबॉडी टेस्ट इथे करून उपयोग नाही, बॅक्टेरिया गेल्यावरही ती कितीतरी महिने पॉझिटिव्ह येत राहते, लॅबवाल्याने पॅकेजमध्ये घातली तरी पैसे वाया. ब्रेथ टेस्ट बुक करताना १३सी आहे का १४सी विचारा. १४सी मध्ये थोडं किरणोत्सर्गी कार्बन असतं, गरोदर असाल तर ती नको.

टेस्टच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल वगैरे बंद आणि चार आठवडे कुठलंही अँटिबायोटिक, बिस्मथ नाही. नाहीतर बॅक्टेरिया दबून बसलेला असतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. त्या दोन आठवड्यांत ऍसिडिटी उसळते आणि लोक गुपचूप गोळी घेतात, लॅबमध्ये विचारलं की नाही घेतली म्हणतात. राहवतच नसेल तर साधं पातळ अँटासिड चालतं, फॅमोटिडीन चालेल का ते डॉक्टरला विचारा, तेही टेस्टच्या आधी एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. अल्सरमधून रक्त गेलं असेल, हार्टसाठी ऍस्पिरिन चालू असेल तर मात्र ऍसिडची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, आधी विचारायचं.

पॉझिटिव्हच आली तर तेच किट परत घेऊ नका, जेनेरिक होतं म्हणून आता महागडा ब्रँड घेऊया हेही नको. पहिल्यांदा क्लॅरिथ्रोमायसिन वापरून फेल गेलं तर दुसऱ्यांदा ते परत वापरत नाहीत, स्कीम बदलतात. त्यासाठी डॉक्टरला समजायला हवं की तुम्ही नक्की काय, किती एमजी, किती दिवस घेतलंत, आणि "पांढरी लांबट गोळी होती" यावरून ते कळत नाही. म्हणून रिकाम्या स्ट्रिपा आणि बिलं एका पाकिटात घालून फाईलला लावून ठेवा. दोनदा फेल गेलं तर स्कोपीत तुकडा काढून त्यावर कुठलं औषध लागू पडतं ती तपासणी होते का ते मोठ्या हॉस्पिटलात विचारा. सगळीकडे होत नाही, आणि जिथे होते तिथे आधी सांगून जावं लागतं, नमुना ताजा लागतो.